पांढरी, पिवळी, शेंदरी

४ मार्च, मंगळवार

धाकटे,

चार वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर दुसऱ्या वाक्याला आपली जुंपते. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

विचारायचंय ते एवढंच. तू दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असतेस, तुला हे तोंडपाठ असणार. सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी एकाच दिवशी घेतली तर चालते ना? चालतच असेल. एक नाकाची, एक अंगाची. दोघींचा एकमेकींशी संबंध काय?

बाबांसाठी विचारतेय. गेल्या गुरुवारी त्यांना सर्दी-ताप झाला, त्यात खांद्याचं जुनं दुखणं उठलं. ताप उतरलाय आता. पण जेवत नाहीत. कालपासून दोनदा उलटी झाली, उजव्या बरगडीखाली हात धरून बसतात. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. ऊन वाढलंय, पाणी कमी पडत असेल. मी त्यांना तेच म्हटलं.

गोळ्या ते आपल्या मनाने घेतात. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. मी दुकानात असते, माझं सगळीकडे लक्ष कसं राहणार?

दुकान बरं चाललंय. शाळांच्या गणवेशांची बटणं यंदाही आपल्याकडूनच जाणार आहेत. फक्त बाबा गल्ल्यावर दिसले नाहीत की जुनी गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरतात. हरवलेल्या बटणाचा जोड शोधायचा तर लोकांना अजून त्यांचाच हात लागतो. माझा चालत नाही. पंचवीस वर्षं मी काय गोट्या खेळले दुकानात, देव जाणे.

उत्तर सवडीने दे. म्हणजे फार सवडीने नको.

ताई


५ मार्च, बुधवार, दुपार

धाकटे,

कालचं पत्र तुला मिळायच्या आधीच हे दुसरं. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. गणवेशाच्या ऑर्डरच्या कागदाची मागची बाजू आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

पांढऱ्याला पांढरं बटण जुळवायचं असलं की आपण गिऱ्हाइकाला दाराशी उजेडात नेतो, आठवतंय ना? ट्यूबलाइटखाली सगळी पांढरी सारखीच दिसतात. सकाळी बाबा म्हणाले, डोळे जड झालेत. मी त्यांना दंडाला धरून दाराशी नेलं आणि खालची पापणी ओढली.

"मला काय गिऱ्हाइकाला दाखवतेस?" म्हणाले.

दुधी, शंखाचा, मोतिया, हस्तिदंती, सायीचा. झोपेतून उठवलंस तरी मी अकरा पांढरे ओळखीन. हा त्यातला एकही नव्हता. धाकटे, हा पिवळा होता. शटर अर्ध्यावर ओढलं, समोरच्या शिंपीकाकांना "लक्ष ठेवा" म्हणून ओरडले आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीण आहे, तुझ्याहूनही लहान असेल. मला मावशी म्हणाली. तिने बाबांना विचारलं, "आजोबा, घरी काय काय औषधं घेतलीत?"

बाबा म्हणाले, "तापाच्या दोन गोळ्या घेतल्या असतील. माझ्याच मनाने. पोरीला काही ठाऊक नाही."

बघ, मी लिहिलं नव्हतं का तुला?

डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या चपला उचलून खाटेखाली नीट जोडून ठेवत होते. मग ती म्हणाली, पाण्यातून झालेली कावीळ असेल, रक्त तपासायला पाठवू, रिपोर्ट यायला तीन तास लागतील. पाण्यातून! मला केवढं बरं वाटलं सांगू? पाणी सगळेच पितात. पाण्याला कोण जबाबदार?

आता त्या तीन तासांतला पहिला संपत आलाय. समोरच्या खाटेवरची बाई माझ्याकडे एकटक बघतेय. काही कारण नसणार, चोराच्या मनात चांदणं.

असं का लिहिलं मी? खोडत नाही. कागद कमी आहे.

ताई


६ मार्च, गुरुवार, सकाळ

धाकटे,

दोन्ही पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. ती दोन्ही पेटीत पडलीत, परत काढता येत नाहीत, म्हणून हे तिसरं.

गोळ्या मी दिल्या. सगळ्या. माझ्या हाताने, पाण्याचा पेला पुढे धरून.

कशा, तेही सांगते. दुकानात माल येतो तो पुठ्ठ्यावर टाचलेला. आपण बटणं कापून सुटी करतो, रंगाप्रमाणे खणात टाकतो आणि पुठ्ठे फेकून देतो. पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते कोण वाचत बसतं, रंग कळला की काम झालं. घरातल्या औषधांचंही मी तेच केलं. पाकिटातून गोळ्या सुट्या काढल्या आणि खणांच्या डब्यात भरल्या. पांढरी तापाची. पिवळी सर्दीची. शेंदरी खांद्याची. डबा इतका नेटका दिसायचा की शिंपीकाकूंनी तसाच मागवून घेतला. रंग वेगळे म्हणजे माल वेगळा, हे लहानपणापासून बाबांनीच शिकवलंय. त्यांनीही कधी विचारलं नाही. हात पुढे करायचे, मी रंग मोजून ठेवायची.

शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत पाच दिवस. पांढऱ्या चार, पिवळ्या चार, शेंदरी तीन. रोज.

का, तेही सांगते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. त्यांना बरं वाटावं म्हणून, हे खरंच आहे. पण गणवेशाचा माल येत्या शनिवारी द्यायचाय, शाळेचा माणूस बाबांशीच बोलतो, आणि शेंदरी दिली की बाबा दोन तास गल्ल्यावर ताठ बसायचे. दोन तास झाले की परत वाकायचे. मग मी परत द्यायची.

आणि गोळ्या मी तीन दुकानांतून आणल्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला एकदा म्हणाला होता, "ताई, दुखण्याच्या गोळ्या फार नेता तुम्ही." मला राग आला. पुढच्या वेळी मी बसथांब्याजवळच्या दुकानात गेले, आणि मग बँकेशेजारच्या. तिघांपैकी कोणालाच कळलं नाही की मी तिन्ही घेऊन घरी जातेय. ते कळू नये म्हणूनच गेले असेन मी.

काल रिपोर्ट आला. डॉक्टरीण तो हातात घेऊनच वॉर्डात आली, चालण्यावरूनच कळलं. यकृताचा एक आकडा पन्नासच्या आत हवा तो चार हजारांवर होता. ती खाटेशी वाकून म्हणाली, "आजोबा, दोन गोळ्यांनी असं होत नाही. आठवून सांगा."

बाबा म्हणाले, "दोनच. फार तर तीन. म्हाताऱ्याला एवढं कळतं हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडे बघून बोलले. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळा हिशेब ठाऊक आहे आणि ते मला वाचवतायत. धाकटे, मी तरीही गप्प राहिले. तेवढ्यात डॉक्टरीण वळून निघाली, आणि परिचारिकेला म्हणाली, "कावीळ म्हणूनच चालू ठेवा." ती दारापर्यंत गेली आणि माझ्या तोंडून इतका मोठा आवाज निघाला की समोरची बाई उठून बसली.

"मी दिल्यात! पाच दिवस! तीन रंगांच्या!"

बाबा म्हणाले, "काहीतरी बोलतेय, दमलीय ती."

डॉक्टरीण परत आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, पाकिटं कुठे आहेत? मी डबा पुढे केला, तो माझ्या पिशवीतच असायचा. तिने तो उघडला, एकेक गोळी उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाली, "मावशी, यावरून मला काहीच कळत नाही. नावं आणा. पळा."

पळाले. तिन्ही दुकानांत गेले, तीन वेळा सांगितलं की मी इथून ही नेली, तिथून ती. कोपऱ्यावरच्याने डोक्याला हात लावला. तिघांनीही पाकिटं दिली, ती मी मुठीत धरून आणली. डॉक्टरणीने उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याच ऑर्डरच्या कागदावर बेरीज मांडली. पांढऱ्यात पॅरासिटामॉल. पिवळ्यात सर्दीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल. शेंदरीत दोन औषधं एकत्र, त्यातलं एक पॅरासिटामॉल. दिवसाला साडेपाच ग्रॅमच्या वर. धडधाकट माणसाला चारच्या वर नको, म्हणाली, आणि आजोबा वाळलेले, पाच दिवस धड जेवलेले नाहीत, त्यांना त्याच्याही कितीतरी कमी हवं होतं.

तीन रंग, तीन दुकानं, आणि आत तोच माल. तू हसशील. नाही, तू हसणार नाहीस.

त्यावर उतारा आहे, शिरेतून देतात. तो लगेच सुरू केला. लवकर दिला तर छान काम करतो म्हणाली. "लवकर" म्हणजे कधी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मंगळवारी मी तुला पत्र लिहीत बसले होते, धाकटे. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. मला खरं म्हणजे उत्तर नको होतं, मला दवाखान्यात जायचं नव्हतं, कारण तिथे विचारतात की कोणी दिल्या.

आता दोन दिवस बघायचंय. ते बरळायला लागले, ओळख पटेनाशी झाली, तर मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल आणि मग तिच्याही हातात फारसं काही नाही. म्हणून दर तासाला काहीतरी विचारत राहा, म्हणाली. मी दुकानातलंच विचारते.

"बाबा, कोटाच्या बटणाला भोकं किती?"

"चार. आणि तुझ्या डोक्याला एक."

तेव्हा जिवात जीव आला. पण मघाशी विचारलं की एका ग्रोसमध्ये बटणं किती, तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. एकशे चव्वेचाळीस म्हणाले शेवटी. शेवटी म्हणाले. पुढचा तास व्हायला बावीस मिनिटं आहेत. मला भीती वाटतेय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही, मला फार भीती वाटतेय.

तू मला चार वर्षांपूर्वी जे विचारलंस ते आत्ता विचारू नकोस.

ताई


११ मार्च, मंगळवार

धाकटे,

काल बाबांना घरी आणलं. आकडा चार हजारांवरून दोन हजार, मग नऊशे, काल चारशे. डोळे आता सायीच्या पांढऱ्यावर आलेत. बटण असतं तर मी जुळतंय म्हणून देऊन टाकलं असतं.

तू वॉर्डातल्या फोनवर बाबांशी बोललीस, माझ्याशी नाही. बरोबर केलंस. परिचारिका म्हणाली, "तुमच्या बहिणीने आमची उलटतपासणी घेतली हो." मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू. एरवी मी म्हटलं असतं, लांबून बोलायला काय जातं, उंटावरून शेळ्या हाकायच्या. या वेळी नाही म्हटलं.

आणि आज तुझं पत्र. तीनदा वाचलं. तुझे नियम वहीच्या पानावर उतरवून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेत. गोळी पाकिटातून सुटी काढायची नाही. पुढचं मोठं नाव नाही, मागचे बारीक घटक वाचायचे. सर्दीच्या, तापाच्या, दुखण्याच्या गोळीत एकच घटक दोनदा आला की दुसरी बंद. कोणी किती वाजता घेतली ते लिहायचं. सगळी औषधं एकाच दुकानातून आणायची, आणि त्याला घरात आधीचं काय आहे ते सांगायचं. डॉक्टरणीने आणखी एक सांगितलंय, पुढची रक्ततपासणी होईपर्यंत दुखण्याची कुठलीच गोळी पोटात नको. खांद्याला शेक आणि मलम, बस्स. डबा मी रिकामा केला. त्यातल्या सगळ्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने परत घेतल्या, नष्ट करायला देतो म्हणाला.

तू रविवारच्या गाडीने येतेस, मुलीची परीक्षा शनिवारी संपते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कितीची गाडी?" दर अर्ध्या तासाने विचारतायत. मी घाबरून डॉक्टरणीला फोन केला, की विसरायला लागलेत. ती म्हणाली, विसरत नाहीयेत मावशी, खूश आहेत.

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मात्र मी एकदाच वाचला. तू लिहिलंस, "ताई, बाबांचं तू सगळ्यांसमोर खरं सांगितलंस. म्हणजे आईच्या वेळीही तू खरंच सांगत असणार. मी उगाच संशय घेतला. मला माफ कर."

त्यावर उद्या लिहीन. आज हात चालत नाही.

ताई


१२ मार्च, बुधवार, दुपार

धाकटे,

माफी परत घे.

आई गेल्यावर आठव्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात गाठून विचारलंस, "तिला गुडघ्याच्या दोन-दोन तऱ्हेच्या गोळ्या कोण देत होतं?" मी म्हटलं, ती स्वतःच घ्यायची. तू म्हणालीस, "माझ्याकडे बघून सांग." मी तुला घराबाहेर हो म्हटलं. तुझी बॅग मीच दाराबाहेर ठेवली.

मी देत होते. तोच डबा. एक हिरवी, एक तांबडी, दोन्ही दुखण्याच्या, दोन्ही पोटाला जाळणाऱ्या. आईला सकाळी जेवण जायचं नाही, तरी मी उपाशीपोटी द्यायची, कारण गोळी घेतल्याशिवाय ती जिना उतरू शकत नव्हती, आणि ती खाली आली नाही की दुकान मला एकटीला उघडावं लागायचं. तिला काळी शौचाला होते हे तिने मला महिनाभर आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, लोहाच्या गोळीने होत असेल. तुला विचारलं असतं तर तू दोन मिनिटांत सांगितलं असतंस. मी विचारलं नाही, कारण तू शहाणी आणि मी अडाणी असं झालं असतं. मग त्या सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. पुढचं तुला माहीत आहे.

ते माहीत असूनही मी डबा टाकला नाही. फक्त रंग बदलले. हे मला स्वतःला समजत नाही, तुला काय समजावणार?

आज हे लिहायचं कारण सांगते. सकाळपासून बाबांचा खांदा ठणकतोय. गोळी द्यायची नाही, म्हणून मी गरम पाण्याची पिशवी धरून मागे बसले होते. ते दात आवळून बसले होते, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, एक दिली तर? एकच. घरात एकही नाही हे बरं आहे. मग ते पाठमोरेच बोलायला लागले.

"तुझी आईही अशीच कळवळायची. तू गोळी दिलीस की तिला जरा डोळा लागायचा. मी बघायचो ना."

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"घर केवढं आपलं? मला कसं कळणार नाही?"

"मग धाकटीला का नाही सांगितलंत?"

"एक गेली होती. दुसरी निघाली होती. तिसरीलाही घालवू?" मग म्हणाले, "तूही तिला सांगू नकोस हं. आता कुठे यायला निघालीय. कळलं तर यायची नाही."

मी म्हटलं, नाही सांगत. त्यांनी वळून माझा चेहरा बघितला आणि त्यांचा विश्वास बसला.

बाबांनी मला वाचवायला डॉक्टरणीला "दोनच गोळ्या" सांगितलं, तेव्हा मी आणखी थोडी गप्प राहिले असते तर आज ते इथे नसते. डॉक्टरणीचे ते वॉर्डाच्या दाराकडे जाणारे पाय मला अजून दिसतात. परत गप्प बसून तुला या घरात आणायचं, तुला माझ्या हातचं जेवायला वाढायचं, आणि तू मला ताई म्हणायचंस, हे मला जमणार नाही. तू आली नाहीस तर बाबा खचतील. त्याची मला इतकी भीती वाटते की मघापासून दोनदा पेन खाली ठेवलं.

तू आलीस आणि बाबांना तुझ्याकडे घेऊन जाते म्हणालीस तर मी अडवणार नाही. त्यांची सगळी कागदपत्रं आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवलेत. पुढची तपासणी एकोणीस तारखेला आहे. ती चुकवू नकोस, कुठेही असलात तरी.

हे पत्र पोस्टाने नाही, कुरिअरने पाठवतेय. तो माणूस म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नक्की पोचेल. तुझी गाडी रविवारी सकाळची आहे. मध्ये शनिवार आख्खा आहे.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते मघापासून हाका मारतायत, धाकटीच्या खोलीतली गादी उन्हात टाक म्हणून.

टाकलीय.

ताई